नोंदवहीच्या आधी आम्हाला ऐकायला शिकवा

प्रति,
आदिवासी मुलांच्या निवासी शाळांसाठी प्रशिक्षणाच्या तारखा आणि पुस्तकांच्या याद्या ज्यांच्या सहीने ठरतात, ते सर्व अधिकारी

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

मी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत प्राथमिक शिक्षिका आहे. नोकरीला १७ वर्षं झाली. आजवर जे म्हणायचं ते मुख्याध्यापकांमार्फत, लेखी म्हणत आले. तीन अर्जांची पोच माझ्या फाइलला आहे, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

या सत्राच्या सुरुवातीला कार्यालयातून दोन कागद आले. पहिल्यात लिहिलं होतं की प्रत्येक शाळेने एका शिक्षकाची ‘समुपदेशक शिक्षक’ म्हणून नेमणूक करावी. आमच्या शाळेत माझं नाव लागलं. सोबत दोन तासांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची लिंक होती आणि नोंदवहीचा नमुना होता. त्यातले रकाने असे: विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता, समस्या, दिलेला सल्ला, निकाल, सही. महिन्याला किमान चार नोंदी हव्यात.

दुसरा कागद त्याच आठवड्यात आला. आम्ही पाच शिक्षकांनी दोन उन्हाळी सुट्ट्या खर्चून गावातल्या जाणत्या माणसांबरोबर बसून कोरकू, म्हणजे आमच्या मुलांची घरची भाषा, आणि मराठी अशा दोन्ही भाषांतल्या पुस्तिका तयार केल्या होत्या. पहिली ते तिसरीसाठी आठ पुस्तिका. त्या ‘मान्य यादीत नसल्याने’ वर्गात वापरू नयेत, असं त्यात होतं.

हे दोन कागद बहुधा दोन वेगळ्या टेबलांवरून निघाले असतील. माझ्या वर्गात ते एकत्रच पोचले, आणि मला ते एकाच चुकीचे दोन भाग वाटतात. का, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीत एक मुलगी होती. तिची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. दिवाळीनंतर तिचे आईवडील मुकादमाबरोबर कामाला बाहेर गेले. आमच्या निम्म्या मुलांचे जातात, त्यामुळे त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. फेब्रुवारी संपता संपता ती कुंपणाबाहेर जायला लागली. तीनदा गेली. तिसऱ्या वेळी अंधार पडला तरी पत्ता नाही, तेव्हा अधीक्षिका आणि मी बॅटरी घेऊन शोधायला निघालो. ओढ्याच्या पलीकडे एका मोहाच्या झाडाखाली ती उभी होती. मी तिच्यावर ओरडले. दंडाला धरून परत आणलं. दुसऱ्या दिवशी तिच्या नावापुढे मी माझ्या हाताने लिहिलं: ‘पळून जाण्याची सवय.’

नंतर तिने जेवण टाकलं. दोन दिवस ताट तसंच परत गेलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशी तिच्याजवळ जाऊन बसल्या. मावशी कोरकू आहेत. त्या तिच्याशी कोरकूत बोलल्या, दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. आईने निघताना लेकीला सांगितलं होतं की मोह गळायला लागला की मी येईन. आमच्या आवारात गुलमोहर आहे, निलगिरी आहे, मोह नाही. म्हणून ती मोह बघायला जात होती. ती पळून जात नव्हती, आई यायची तारीख बघत होती. मोह गळायला लागून दहा दिवस झाले होते. होळीला बाकीच्यांचे आईबाप परत आले, तिचे आले नव्हते.

त्याच महिन्यात मी त्या वर्गाला इंग्रजी महिन्यांची नावं पाठ करून घेत होते. तिने ती सगळी पाठ केली होती.

मुकादमाचा नंबर शोधायला आम्हाला दीड दिवस लागला. आईचं काम लांबलं होतं. ती फोनवर चारेक मिनिटं बोलली. त्या रात्री मुलीने भाकर खाल्ली, पण माझ्याशी बोलायला तिने पुढे बरेच आठवडे घेतले, आणि ते मला कबूल आहे. त्या शाळेत त्या दिवशी समुपदेशन मावशींनी केलं. त्यांच्या पदाचं नाव कामाठी आहे.

ऐकायचं कसं हे मला कुणी शिकवलं असतं, तर पहिल्याच वेळी मी ‘कुठे गेली होतीस’ असं न दरडावता ‘तिथे काय आहे’ असं विचारलं असतं. आणि कोरकू थोडीफार आली असती, तर तिचं उत्तर मला कळलं असतं. यातलं एकच येऊन भागलं नसतं. कोरकू येणाऱ्या पण घाईने न्यायनिवाडा करणाऱ्या शिक्षकाला ती कळली नसती, आणि उत्तम प्रशिक्षण घेतलेली पण तिचं एक वाक्य न समजणारी बाई तिच्या उपयोगाची नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. समुपदेशनाचं प्रशिक्षण आणि मुलांच्या भाषेतलं, त्यांच्या जगातलं साहित्य या दोन वेगळ्या योजना समजू नका.

कायद्यानेही त्या वेगळ्या मानलेल्या नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ पुन्हा काढून बघा. अभ्यासक्रम कसा असावा हे सांगताना त्यात एक उपकलम म्हणतं की शिक्षणाचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावं. त्याला लागूनचं पुढचं उपकलम म्हणतं की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी. कायदा लिहिणाऱ्यांनी ही दोन वाक्यं शेजारी ठेवली. आमच्याकडे पोचताना त्यांचे दोन विभाग झाले.

आता एकेक तक्रार मांडते.

भाषेपासून सुरू करते, कारण तिथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. कोरकू ही मराठीची बोली आहे असं मला चांगल्या शिकलेल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं आहे. ती मराठीची बोली नाही. मराठी, हिंदी, भिली एका कुळातल्या, गोंडी आणि कोलामी द्राविडी, आणि कोरकू मुंडा गटातली, म्हणजे संतालीच्या नात्यातली. २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त होते, मुख्यतः मध्य प्रदेशात आणि आपल्या मेळघाटात. संताली २००३ च्या ९२व्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, आली. कोरकू बाहेरच आहे.

याचा वर्गात काय परिणाम होतो? पहिलीतलं मूल ‘तो पुस्तक’, ‘ती दगड’ म्हणतं. तपासणीला आलेले साहेब म्हणतात, पाया कच्चा आहे. पाया कच्चा नाही. कोरकूत नामांची विभागणी पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी नसते, सजीव आणि निर्जीव अशी असते. दगड तो की ती, हा प्रश्न त्या मुलाच्या भाषेत पडतच नाही. शिक्षकाला एवढं एक माहीत असलं तरी तो हसणार नाही, रागावणार नाही, आणि लिंग कसं शिकवायचं याचा वेगळा विचार करेल.

उलट काही गोष्टी अशा आहेत की त्या धरून मराठी पटकन शिकवता येते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, ऐकणाऱ्याला धरून आणि त्याला सोडून. हिंदी बोलणाऱ्या मुलाला हा फरक समजावावा लागतो. कोरकू मुलाला तो जन्मापासून येतो, कारण कोरकूतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, आणि वर दोघांसाठीचं रूप निराळं आहे. हे मला नोकरीच्या पाचव्या वर्षी कळलं, तेही एका आजोबांकडून. ज्या दिवशी मी वर्गात म्हटलं की तुमच्या भाषेत मराठीपेक्षा जास्त ‘आपण’ आहेत, त्या दिवशी मागच्या रांगेतली मुलं पहिल्यांदा पुढे सरकून बसली. या १७ वर्षांत कुठल्याही प्रशिक्षणात हे मला कुणी सांगितलं नाही.

आमच्या पुस्तिकांत हेच होतं. मिया, बारी असे कोरकू आकडे आणि शेजारी मराठी. सिपना नदी. आठवड्याचा बाजार. मोह कधी फुलतो, कधी गळतो, कोण किती वाजता वेचायला जातं. एका पुस्तिकेत मुंडा होता, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरून उभा करतात तो लाकडी फळा, ज्यावर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार असतात. त्या पुस्तिकेवर एका तपासणीत शेरा आला की लहान मुलांसाठी मृत्यूचा विषय योग्य नाही. आमच्या निवासी शाळेत दरवर्षी कुणाचे तरी आजोबा जातात, कुणाचं तरी लहान भावंड जातं. मूल गावी जाऊन विधी करून आठ दिवसांनी परत येतं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आठ ‘गै’ लागलेले असतात. त्याच्याशी त्या दुःखाबद्दल बोलायचं तर कुठून सुरुवात करायची? त्या चित्रापासून करता येते. मी केली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ‘संस्कृतीवर आधारित साहित्य’ हे शब्द आता सगळ्या कागदांत येतात. एका वर्षी शाळेच्या भिंती रंगवायला निधी आला आणि सगळ्या भिंतींवर वारली चित्रं काढली गेली. वारली कला फार मोठी आहे, जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली, मला तिचा आदर आहे. पण वारली पालघर-डहाणूकडचे. आमची मुलं कोरकू आहेत. भिंत बघून एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, हे कोण आहेत?’ महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत, २०११ च्या गणनेनुसार एक कोटी पाच लाखांवर माणसं. सगळ्यांसाठी एकच भिंत आणि ९ ऑगस्टला आदिवासी दिनाचा एक नाच, याला संस्कृती म्हणू नका. साहित्य त्या त्या भाषेच्या माणसांनी, त्या त्या भागात बनवावं लागतं. त्याला वेळ लागतो आणि ते सगळीकडे सारखं दिसत नाही.

हे काही नवं मागणंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी हेच केलं होतं. मुलं गुरं राखायला कुरणात जातात, तर शाळा कुरणात नेली. डी.एड.ला आम्ही कुरणशाळेवर टीप लिहून गुण मिळवले आहेत.

दुसरी तक्रार प्रशिक्षणाची. ते दोन तास मी पूर्ण केले, प्रमाणपत्रही आलं. आमच्याकडे रेंज एका टेकाडावर मिळते, तिथे उभं राहून केले. पडद्यावर व्याख्या होत्या, ‘सहानुभूतीने ऐका’ असं वाक्य होतं, शेवटी दहा प्रश्न होते. ज्या गोष्टींची मला भीती वाटते त्यातली एकही त्यात नव्हती. मूल म्हणालं की मला जगायचं नाही, तर पुढचं वाक्य मी कोणतं बोलायचं? त्या रात्री त्याला कुठे झोपवायचं, कुणी सोबत राहायचं? मुलीने सांगितलं की अमुक माणूस अंगाला हात लावतो, आणि वर म्हणाली की कुणाला सांगू नका, तर? पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मी मुलीला देऊच शकत नाही. हे तिला आधी कसं सांगायचं, म्हणजे ती गप्पही होणार नाही आणि मी खोटंही बोलणार नाही? हे वाचून येत नाही. कुणा जाणकारासमोर पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं, चुकावं लागतं. पोहणं काठावर बसून शिकवतात का?

आणि ती नोंदवही. ती कार्यालयातल्या कपाटात राहते. किल्ली टेबलाच्या खणात असते. मुलाने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी ‘समस्या’ या रकान्यात, नावासकट लिहायची आणि ती तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाने चाळायची, हे मला जमणार नाही. मी एकही नोंद केलेली नाही, हे इथे जाहीरपणे सांगते. महिन्याला चार नोंदींची सक्ती केली की काय होतं तेही सांगते. ‘अभ्यासात लक्ष नाही, समजावून सांगितले, सुधारणा आहे.’ अशा चार ओळी २९ तारखेला लिहिल्या जातात. त्या ओळी लिहिणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही.

पुढे पाठवायचं कुठे, हा तिसरा प्रश्न. शिक्षक डॉक्टर नाही आणि व्हायलाही नको. आम्ही ओळखावं, धीर द्यावा, सुरक्षित ठेवावं आणि योग्य माणसाकडे न्यावं. पण तो योग्य माणूस घाट उतरून अमरावतीला. जायला-यायला दिवस मोडतो, सोबत एक शिक्षक लागतो, त्याचा वर्ग उघडा पडतो. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चांगला आहे, आम्ही तो फळ्यावर लिहून ठेवला आहे, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ सुद्धा. पण आठ वर्षांचं कोरकू मूल अनोळखी आवाजाशी मराठीत किंवा हिंदीत मन मोकळं करेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

मेळघाटचं नाव १९९३ पासून कुपोषणाशी जोडलं गेलं. तेव्हापासून आमच्या मुलांची वजनं, उंची, दंडाचे घेर मोजले जातात. ते मोजायलाच हवेत. सहा वर्षांचं मूल घरापासून दूर, परक्या भाषेत, शंभर जणांच्या रांगेत झोपायला शिकतं तेव्हा त्याचं काय होतं, हे कुणी विचारायला आलेलं मी पाहिलेलं नाही.

शिक्षकांबद्दल थोडक्यात. तासिका तत्त्वावर आलेले तरुण शिक्षक मनापासून शिकवतात आणि वर्ष संपताच जातात, मग शिकलेलं त्यांच्याबरोबर जातं. जे कायम आहेत त्यांच्यामागे नोंदी, पोर्टल आणि माहितीचे तक्ते आहेत. आणि ज्या शिक्षकाने रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं मूल जीपमधून नेलं, त्याला सकाळी पहिला तास असतो. त्याच्याशी बोलणारंही कुणीतरी असावं.

आता मागण्या. जमतील अशाच मागते आहे.

समुपदेशनाचं प्रशिक्षण समोरासमोर द्या. पहिल्यांदा किमान सहा दिवस, निवासी, मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून, आमच्याच शाळांतले प्रसंग घेऊन. नंतर दर महिन्याला एक दिवस, जिथे आम्ही अडलेल्या गोष्टी मांडू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाला वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. ते तास यासाठी वापरा, वेगळे दिवस मागत नाही. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी आणि कामाठी यांनाही त्यात बसवा. मुलं रात्री त्यांच्याकडेच जातात.

जवळजवळच्या दहा शाळांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक नेमा आणि त्याला किंवा तिला स्थानिक भाषा येणं ही अट ठेवा. तसा माणूस मिळेपर्यंत गावातल्या शिकलेल्या मुलामुलींना भाषामित्र म्हणून मानधनावर घ्या. दहावी-बारावी झालेल्या कोरकू मुली मला माहीत आहेत, त्या हे काम उत्तम करतील.

नोंदवही आहे त्या रूपात ताबडतोब थांबवा. नोंद ठेवायचीच असेल तर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, कुलूप, आणि कोण वाचू शकेल याची लेखी यादी. नोंदींची संख्या ठरवून देऊ नका.

पुस्तिकांवरची बंदी मागे घ्या. त्यात चुका असतील तर भाषेच्या जाणकारांकडून तपासून घ्या, आम्ही दुरुस्त करू. पुण्यात १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६७ पासून बालभारती आहे. छापण्याची, संपादनाची ताकद राज्याकडे आहे. आमच्याकडे आजी-आजोबा आहेत, गोष्टी आहेत आणि उन्हाळ्याची सुट्टी आहे. कोरकूने सुरुवात करा, पण गोंडी, माडिया, कोलामी, भिली, पावरी, कातकरी, वारली या सगळ्यांसाठी त्या त्या भागातले शिक्षक आणि जाणते एकत्र बसवा. ज्या जाणत्यांनी गोष्टी सांगितल्या त्यांचं नाव पुस्तिकेवर छापा आणि त्यांना मोबदला द्या. आमच्या आजोबांना आम्ही चहाखेरीज काही देऊ शकलो नाही.

शेवटची मागणी दिनदर्शिकेची. मुलांच्या घरचं वर्ष शाळेच्या वर्षाशेजारी मांडा: आईबाप कधी जातात, कधी येतात, मोह कधी, होळी कधी. स्थलांतराला जाणाऱ्या प्रत्येक पालकाचा एक चालू नंबर दिवाळीच्या सुट्टीतच शाळेत लिहून घ्यायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा मुलाचं बोलणं करून द्यायचं, असा आदेश काढा. याला खर्च जवळपास नाही. आमच्या शाळेत आम्ही हे सुरू केलं आहे. वर्गात लावलेल्या दिनदर्शिकेवर मार्चच्या पानावर मोहाचं फूल आहे, ते दुसरीतल्या मुलांनी काढलं आहे.

या पत्राचं लेखी उत्तर मिळावं ही विनंती. पुस्तिकांची हस्तलिखितं माझ्याकडे आहेत. कुणी अधिकारी बघायला येणार असतील तर शक्यतो संध्याकाळी यावं, जेवणानंतर. तेव्हा मुलं बोलतात. मावशींनाही थांबायला सांगते.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
मेळघाट, जि. अमरावती